धर्माच्या खाटेवरचा ताप

साताऱ्याच्या आमच्या पेठेत यंदा पुन्हा मुदतीचा ताप आहे. दोन घरांतल्या मुली अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांना सांगलीच्या त्या शुश्रूषागृहात न्यावं की घरीच ठेवावं, असं भगिनी मंडळात मला तिघींनी विचारलं. मी तिथे महिनाभर होते आणि आपल्या पायांनी चालत बाहेर आले, म्हणून मला विचारतात. समोरासमोर बोलणं मला जमत नाही. "चांगलं आहे," एवढं म्हणून मी गप्प बसते. म्हणून मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी हे लिहून देते आहे. माझी शाळा पाचगणीची, इंग्रजी. मराठी मी घरात बोलून आणि आईची पत्रं वाचून शिकले, तेव्हा लिहिण्यात चुका असतील. जे घडलं ते मात्र जसंच्या तसं आहे.

शुश्रूषागृहाचं नाव लिहीत नाही. ज्यांनी विचारलं त्यांना ते ठाऊक आहे.

आठवा दिवस

दसऱ्यानंतर मी सांगलीला मावशीकडे गेले होते. गावभागात तिचं घर. आधी डोकं दुखायला लागलं, मग रोज संध्याकाळी कणकण. मावशीनं काढे दिले, सुंठ उगाळून कपाळाला लावली. ताप उतरेना. आठव्या दिवशी तिनं डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"चारच," मावशी म्हणाली. काढ्यांत आठवडा घालवला हे तिला सांगायचं नव्हतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून तोच प्रश्न इंग्रजीत विचारला. मी इंग्रजीतच म्हणाले, आठ. मावशीला काही कळलं नाही. खरं बोलायला ही भाषा बरी, असं मला तेव्हा वाटून गेलं.

"मुदतीचा ताप आहे, टायफॉइड," डॉक्टर म्हणाले. "एकवीस दिवस, कदाचित जास्त. याच्यावर औषध असं नाही. शुश्रूषा हेच औषध. आतडी नाजूक झालेली असतात. ताप पुरता उतरेपर्यंत पोटात घट्ट काही जाता कामा नये. गेलं, तर मग माझ्या हातात काही नाही."

शाळेत माझ्या वर्गातली एक मुलगी याच तापानं गेली होती. एका सकाळी तिच्या पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली दिसली आणि आम्हाला रांगेनं प्रार्थनेला नेलं. कुणी काही सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. डॉक्टर बोलत होते तेव्हा मला ती गुंडाळलेली गादी दिसत होती.

ते गेल्यावर माझ्या वडिलांना तार करायची निघाली, तेव्हा मावशी म्हणाली, "अप्पांना तारेत नुसता ताप एवढंच कळवायचं. मुलीच्या जातीला आजाराचं नाव चिकटतं. उद्या स्थळं बघायची आहेत."

मी एकोणीस वर्षांची होते. मरण्यापेक्षा लोकांना कळण्याची भीती घरात जास्त होती, आणि ती मला चमत्कारिकही वाटली नाही.

बर्फाची पिशवी

डॉक्टर स्वतः बघत असत त्या शुश्रूषागृहात त्यांनी मला हलवलं. ते विश्रामबागेच्या बाजूला, मिरजेच्या रस्त्यालगत आहे. बैठी दगडी इमारत, पुढे कडुलिंब. सगळ्या मिळून अकरा खाटा. माझी खोली टोकाची, दोन खाटांची. एक पैसे भरणाऱ्यांची, ती माझी. दुसरी रिकामी होती. तिला सगळे धर्माची खाट म्हणत. हळदीच्या एका व्यापाऱ्यानं ती आपल्या आईच्या नावानं गरिबांसाठी ठेवली होती. आईच्या नावाची संगमरवरी पाटी खाटेच्या डोक्याशी भिंतीत बसवलेली होती.

अकरा खाटांना नर्स एकच, यमुनाबाई. पांढरं लुगडं, पायांत कॅनव्हासचे बूट, तिशीच्या आतबाहेरच्या. बालविधवा होत्या, पुण्याला नर्सिंग शिकून आल्या होत्या. त्यांच्या हाताखाली एक आया.

माझी देखभाल कशी झाली, हे कुणी विचारलं तर मला हात जोडूनच सांगावं लागेल. बर्फ पुरता वितळायच्या आत यमुनाबाई डोक्यावरची पिशवी बदलत. उशी तापली की न सांगता उलटी करत. अंग पुसताना एक हात उघडा करायचा, पुसायचा, झाकायचा, मग दुसरा. कधी मला लाज वाटू दिली नाही. वेणी कापायची वेळ आली तेव्हा त्यांनी कात्री पाठीमागे लपवून आधी विचारलं, "कापू का हो? परत येतात केस." मी रडले, तेव्हा त्यांनी वेणी कागदात बांधून मावशीच्या हाती दिली.

पहाटे पाच, सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा, असा पाच वेळा थर्मामीटर. आकडा खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यावर चढायचा. तक्ता इंग्रजीत. यमुनाबाईंना इंग्रजी अक्षर नीट यावं अशी हौस होती. त्या माझ्याजवळ तक्ता आणून विचारत, "हे स्पेलिंग बरोबर आहे का?" मी सुधारून देई. आजारपणात आपण कुणाच्या उपयोगी पडतो आहोत, याचा मला फार आधार वाटायचा.

बाळाबाई

पाचव्या दिवशी दुपारी धर्माच्या खाटेवर एक बाई आणली. आटपाडीच्या पलीकडची, धनगराची. त्यांची मेंढरं त्या हळदीच्या व्यापाऱ्याच्या नदीकाठच्या रानात बसायला आली होती. शेताला खत मिळतं म्हणून शेतकरी कळप बसवून घेतात. तिथेच ती तापानं पडली आणि दिवाणजीनं गाडीत घालून आणली. नाव बाळाबाई. वय माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी जास्त. दोन लहान मुली कळपावर सासूजवळ ठेवून आली होती.

नवरा बिरा तिला ठेवून उभ्या उभ्या गेला, कारण दुसऱ्या दिवशी कळप पुढच्या रानात हलायचा होता. जाताना तिनं त्याला बजावलं, "पोरीस्नी थंडी वाजंल, मेंढराच्या कुशीत निजवू नगंसा. उवा हुत्यात."

तो गेल्यावर माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "काय गं बाय, किती दिस झालं तुला हितं?"

मी सांगितलं.

"आन खायाला काय देत्यात?"

"बार्लीचं पाणी. मोसंबीचा रस. दुधाचं पाणी."

तिला बार्लीचं पाणी दिलं तेव्हा तिनं एक घोट घेतला आणि भांड्यात डोकावून बघितलं. "ह्ये मेंढरूबी हुंगून सोडंल," ती म्हणाली. मी किती तरी दिवसांनी हसले. हसल्यानं पोट दुखलं.

तिला माझ्याइतकाच ताप होता, पण ती बोलायची. मी अबोल आहे हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं आणि उत्तराची वाट न बघता बोलत राहिली. कुठल्या ओढ्याला पाणी असतं, कुठला पाटील कळप बसवून घेतो आणि ज्वारी देताना माप मारतो, कुठल्या मेंढीला जुळं झालं. डोळे मिटून मी ऐकत असे. माझे वाईटातले वाईट दिवस तिच्या बोलण्यावरून चालत गेले.

काचेची कांडी

आता जे लिहायचं ते लिहिते.

खोलीत थर्मामीटर एकच होता. बाळाबाई आली त्या संध्याकाळी मावशी भेटायला आली होती. तिनं यमुनाबाईंना दाराशी बोलावलं. मावशीचा आवाज हळू होता, पण खोली लहान होती.

"हे बघा, ती धनगरीण. खाते काय, पिते काय. तिच्या तोंडातली कांडी आमच्या मुलीच्या तोंडात नको. आम्ही पैसे भरतो."

"मी औषधात बुडवून ठेवते हो."

"बुडवा नाही तर उकळा. नको म्हणजे नको."

यमुनाबाईंनी पुरुषांच्या खोलीतून एक जुना थर्मामीटर आणून बाळाबाईसाठी वेगळा ठेवला. तीन दिवसांनी तो आयाच्या हातून फरशीवर पडून फुटला. पारा खाटेखाली गोळ्या गोळ्या होऊन पळाला आणि बाळाबाई म्हणाली, "आगं बया, जित्ता हाय!" लढाईमुळे नवे थर्मामीटर बाजारात मिळत नव्हते. डॉक्टरांनी मुंबईला लिहिलं आहे, असं यमुनाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून बाळाबाईचा ताप कुणी पाहिला नाही.

तक्त्यावर मात्र आकडे चढत होते. पहिल्यांदा यमुनाबाई कपाळाला हात लावून लिहायच्या. पुढे हातही राहिला. एकदा दुपारी दोन वाजता त्या माझ्याजवळ तक्ता घेऊन स्पेलिंग विचारायला आल्या, तो बाळाबाईचा होता. त्यावर संध्याकाळी सहाचा आणि रात्री दहाचाही आकडा आधीच लिहिलेला होता. एकशे दोन, मग एकशे एक, मग शंभर. जिन्याच्या पायऱ्यांसारखा नीटस उतरत होता. मी स्पेलिंग सांगितलं आणि तक्ता परत दिला.

मी का बोलले नाही? शाळेत चहाडी करणं हे सगळ्यांत वाईट मानत. यमुनाबाई माझ्याशी चांगल्या होत्या. त्यांना अकरा खाटा होत्या. ही सगळी कारणं खरी आहेत. आणखी एक आहे. माझाच थर्मामीटर तिच्या काखेत लावा, असं मला म्हणता आलं असतं. काखेत लावला तर तोंडाचा प्रश्नच नव्हता. पण मावशी म्हणाली ते मलाही मनातून बरं वाटलं होतं.

बाळाबाईच्या लक्षात आलं होतं. एकदा माझ्या तोंडात कांडी असताना ती म्हणाली, "तुज्या त्वांडात दिसातनं पाच येळा घालत्यात. मला एकदाबी न्हाई. आमी मेंढराला ताप आला तर निदान कान धरून बगतो गं."

तोंडात थर्मामीटर होता, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही.

माझा ताप उतरला. बाळाबाईच्या तक्त्यावरचाही उतरला. चार दिवस साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास बघून डॉक्टर खूश झाले. फेरी घाईची असे. त्यांनी तिची नाडी धरली, जरा थांबले, पुन्हा तक्ता पाहिला आणि म्हणाले, "नाडी जलद आहे, पण ताप नाही. अशक्तपणा असेल. उद्यापासून मऊ भात द्या हिला."

तिचे डोळे तापलेल्या माणसाचे होते. ओठांवर पापुद्रा होता. एवढं मला खाटेवरून दिसत होतं.

मंडळी पाहायला येतात

महिन्यातून एकदा देखरेख मंडळी येत. हळदीचे व्यापारी, एक निवृत्त मामलेदार आणि मिरजेच्या रेल्वेतल्या एका साहेबाची मडम. त्या दिवशी सकाळपासून फिनेलचा वास. चादरी बदलल्या, खाटा एका ओळीत आल्या, बाळाबाईचे केस आयानं तेल लावून ओढून बांधले.

"आज काय लगीन हाय काय माजं?" बाळाबाई म्हणाली. पण आवाज बारीक झाला होता. आदल्या दिवशी भात खाल्ल्यापासून ती पोटावर हात धरून होती.

मडमेजवळ एक मोठी वही होती. प्रत्येक खाटेचा रोगी, त्याची देखभाल कशी आहे, रोगी समाधानी आहे काय, असे रकाने. इतर खोल्यांत मामलेदार मराठीतून विचारून सांगत. आमच्या दाराशी येताच यमुनाबाई अभिमानानं म्हणाल्या, "ही मुलगी पाचगणीला शिकलेली आहे." मडम हसली आणि थेट माझ्याजवळ आली. मला काय वाटतं ते तिनं विचारलं. मी मनापासून सांगितलं, उत्तम. मग धर्माच्या खाटेकडे वळून ती म्हणाली, हिला विचार, हिची काळजी घेतली जाते का, आणि ही काय म्हणते ते मला सांग.

मी बाळाबाईला विचारलं. ती कोपरावर उठून बसली. डोईवर पदर घेतला. तिनं असं बोलायचं आधीच ठरवून ठेवलं असावं.

"तिला म्हनावं, तुमी खाट दिलीसा, दूध दिलंसा, देव तुमचं भलं करंल. पर माजा ताप कुनी बगत न्हाई. त्या कागदावर काय लिवत्यात त्येंचं त्येंला ठावं. माज्या अंगात इस्तू हाय, हात लावून बगा म्हनावं. आन काल भात घातला त्यो कोयत्यावानी फिरतोय पोटात. नर्सबाईला रागं भरू नगंसा, ती एकलीच हाय. पर माजा ताप बगा. मला दोन पोरी हायत्या."

मडम माझ्याकडे बघत होती. डॉक्टर, मामलेदार, व्यापारी. मराठी कळणारे तिघेही होते, पण व्यापारी पाटीवरची धूळ बोटानं पुसत होते आणि मामलेदार दारात डॉक्टरांशी बोलत होते. यमुनाबाई मडमेच्या मागे उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मी इंग्रजीत म्हणाले, "ती म्हणते, ती फार आभारी आहे."

मडमेनं बाळाबाईच्या पायावर चादरीवरून थोपटलं आणि वहीत लिहिलं. दुभाषी म्हणून माझी सही घेतली. सही वेडीवाकडी आली, तेव्हा ती म्हणाली, अजून अशक्त आहेस, पोरी.

ते गेल्यावर बाळाबाई म्हणाली, "झालं?"

मी मान हलवली.

"बरं झालं," ती म्हणाली आणि आडवी झाली.

मनाशी मी ठरवलं होतं की डॉक्टर एकटे आले की त्यांना हळूच सांगायचं. डॉक्टर त्या संध्याकाळी एकटे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते तासगावला गेले होते. त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिरा येऊन अर्धा तास तिच्याजवळ बसून गेला, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी दुपारी बाळाबाई एकदम ओरडली. तसं मी माणसाला ओरडताना ऐकलं नव्हतं. मग एकदम गप्प झाली. तिच्या तोंडावर घाम आला, थंड, थेंब थेंब. नाक धारदार दिसायला लागलं. डॉक्टर धावत आले, त्यांनी पोटाला हात लावला. ते फळीसारखं कडक होतं, हे त्यांच्या बोटांवरून मला दिसलं. त्यांनी तक्ता उचलला.

"ताप नव्हता ना हिला?" त्यांनी विचारलं. "ताप नव्हता ना?"

यमुनाबाई बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही बोलले नाही.

दोन खाटांमध्ये पडदा ओढला. दिवेलागणीच्या आत सगळं संपलं. पडद्याखालून मला फक्त पावलं दिसत होती. मधल्या वेळात एकदा ती स्पष्ट म्हणाली, "पानी द्या." आयानं दिलं असेल. मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या. खाटेवर त्या कधी बसत नसत.

"तुमच्याकडे तुमचाच मागितला असता," त्या म्हणाल्या, "तर दिला असतात?"

त्या उठल्या आणि नेहमीसारखी माझी उशी उलटी केली.

साताऱ्याला

अप्पा मला न्यायला आले. आगगाडीत मला आडवं करून त्यांनी सबंध वाट माझे पाय मांडीवर घेतले. घरी आईनं दृष्ट काढली. उरलेले केसही गळाले, मग बारीक नवे आले. भिंतीला धरून चालणं, मग अंगणापर्यंत, मग तुळशीला प्रदक्षिणा. आईनं पहिल्यांदा मऊ भात वाढला त्या दिवशी मी ताटावरून उठले. आईला वाटलं, चव गेली असेल. तिनं त्यात लिंबू पिळून पुन्हा आणला. मी खाल्ला. जगायचं होतं.

मावशीशी आईचं बिनसलं, कारण काढ्यांत आठ दिवस गेले ते अखेर कळलं. दोघी बहिणी महिनाभर पत्र लिहीत नव्हत्या. थर्मामीटरची गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. मी सांगितली नाही. "त्या धनगरणीचं वाईट झालं," असं मावशी एकदा हळहळून म्हणाली, मनापासून.

बऱ्या होणाऱ्यांनी हे ऐकावं म्हणून लिहिते: ताप गेल्यावरही तो जात नाही. संध्याकाळी सहाला माझं अंग अजून वाट बघतं. कुणी आजाऱ्याच्या कपाळाला हात लावला की शेजारची खाट डोळ्यांपुढे येते. तिचा चेहरा मला नीटसा आठवत नाही. नीटस उतरते आकडे आठवतात, आणि त्या तक्त्यावरचं एक स्पेलिंग, मी सुधारलेलं.

बिरा

माघात तो आला. अंगणात उभा राहून त्यानं हाक मारली. आईला वाटलं, घोंगडी विकायला आला असेल. मी त्याला लगेच ओळखलं. मी ओसरीच्या पायरीवर बसले.

"ताईसाब, बऱ्या झालासा," तो म्हणाला. "लय हिंडलो. सांगलीत त्या आयानं ठिकाण सांगितलं."

आईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तो खाली अंगणात उकिडवा बसला.

"एक इचारायचं हुतं. रागावू नगासा."

मी तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"मी शेवटी भेटाया आलो तवा ती मला म्हनली, मडमबाई आल्ती. तिला समदं सांगितलं. पर माजं एवढं बोलणं झालं आन ती पोर दोनच सबूद बोलली. म्हनली, इंग्रजी लय आखूड आसतीया वाटतं." तो जरासा हसला, तिच्या बोलण्याला. "मी म्हनलं, आसंल. साहेब लोकांचं काम झटपट. मग ती गेली. तवापास्नं माज्या डोस्क्यात ह्येच हाय. आवं, येवढी आखूड आसती का ती भाषा? ती काय म्हनली हुती? मला कायबी ठावं न्हाई. तुमास्नीच ठावं."

आई माझ्याकडे बघत होती.

मी त्याला सांगितलं. आधी मी मडमेला काय म्हणाले ते, ते एकच वाक्य. मग बाळाबाई काय म्हणाली होती ते, तिच्याच शब्दांत, पहिल्यापासून. देव तुमचं भलं करंल. कागदावर काय लिवत्यात. अंगात इस्तू. कोयत्यावानी. नर्सबाईला रागं भरू नगंसा. दोन पोरी हायत्या. मग थर्मामीटरचं सांगितलं, मावशीचं आणि माझंही. आयुष्यात मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. आईनं मध्येच "अगं" म्हटलं, पण मी थांबले नाही.

तो किती तरी वेळ जमिनीवर बोटानं रेघा ओढत होता.

"पुन्यांदा सांगा," तो म्हणाला. "तिचं तेवढंच. तुमचं नगं."

मी पुन्हा सांगितलं. तो ओठ हलवत होता, पाठ करावं तसा.

"पोरीस्नी सांगतो," उठताना तो म्हणाला. "आय काय म्हनली ते." मग माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघून म्हणाला, "भ्यालासा व्हय?"

"हो," मी म्हणाले.

"ती नव्हती भ्याली," तो म्हणाला, आणि पाणी न पिता गेला.

उत्तर

त्या आठवड्यात मी मडमेला इंग्रजीत पत्र लिहिलं. सहा पानं झाली. एक शब्द गाळला नाही. यमुनाबाई एकट्या आहेत, आणखी एक नर्स द्या, प्रत्येक खाटेला वेगळा थर्मामीटर द्या, हेही लिहिलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. फार सभ्य होतं. पत्राबद्दल आभार. वही पुन्हा पाहिली. त्या रोग्यानं स्वतः समाधान व्यक्त केल्याची नोंद आहे, आणि दुभाषी म्हणून तिच्याखाली आपलीच सही आहे. दीर्घ तापानंतर मनात नाना शंका येतात. आपण विश्रांती घ्यावी.

मी दुसरं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलेलं नाही. ती वही अजून तिथे आहे, आणि मंडळी ती पाहूनच शुश्रूषागृह चांगलं आहे असं ठरवतात.

आता ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी. तिथली देखभाल कशी आहे? माझ्या खाटेवर उत्तम होती. माझ्यापासून दोन हातांवर ती नव्हती. तुमच्या मुलीला न्यायचं असेल तर न्या. यमुनाबाई अजून असतील तर त्या तिची उशी उलटी करतील. पण आत गेल्यावर पांढऱ्या चादरी बघू नका, वही वाचू नका, माझ्यासारख्या बऱ्या होऊन आलेल्या मुलींचंही ऐकू नका. शेजारच्या खाटेवर कोण आहे ते बघा, आणि तिचा ताप कुणी पाहिला का, ते तिलाच विचारा. ती सांगेल. त्यांना सांगता येतं.

मी हे आज साताऱ्याला, घरात बसून, बरी होऊन लिहिते आहे, त्याला काही किंमत नाही. त्या दिवशी मला भाषा येत होती, आणि विचारणारी बाई खाटेपाशी उभी होती.